वडिलांची स्मरणपुस्तिका: वर्षश्राद्धाला हातात यावी म्हणून काय, कधी आणि कसं करायचं

वर्षश्राद्धाच्या दिवशी वाटल्या जाणाऱ्या बऱ्याच पुस्तिकांत नाव आणि फोटो बदलला तर आतला मजकूर कुणालाही लागू पडतो. ‘धार्मिक, कष्टाळू, परोपकारी, प्रेमळ’. शब्द खोटे नसतात, पण त्यांतून माणूस दिसत नाही. ज्या माणसाने पन्नास वर्षं एकादशी चुकवली नाही, गावातल्या निम्म्या घरांचे पंप, पंखे, पाळणे दुरुस्त केले आणि कुणाला काय दिलं ते घरातही सांगितलं नाही, त्याची ओळख त्याच्या कामांतून होते. हा लेख अशाच वारकरी घरातल्या, हातात कसब असलेल्या वडिलांची किंवा आजोबांची पुस्तिका डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे; पुढे त्यांना ‘नाना’ म्हटलं आहे. शेवटी हातात येईल ते ४८ ते ६४ पानांचं पुस्तक. त्याला सात-आठ महिने लागतात, म्हणून सुरुवात तेराव्यानंतर लगेच करावी लागते.

आधी तारीख पक्की करा

वर्षश्राद्ध तिथीने होतं, त्यामुळे छपाईची मुदत इंग्रजी तारखेवरून काढू नका. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं, म्हणून तीच तिथी पुढच्या वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येते. मधे अधिक महिना आला तर उलट १९ दिवसांच्या आसपास पुढे जाते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. कार्तिक २०२५ मध्ये गेलेल्या माणसाचं वर्षश्राद्ध त्यामुळे इंग्रजी तारखेच्या नंतर येईल. दिनदर्शिकेत त्या दिवशी सूर्योदयाला असलेली तिथी छापलेली असते. माणूस संध्याकाळी गेला असेल तर तोवर तिथी बदललेली असू शकते. म्हणून मृत्यूची नेमकी वेळ लिहून ठेवा आणि घरच्या गुरुजींकडून महिना, पक्ष, तिथी लेखी घ्या. मृत्यू अधिक महिन्यातला असेल तर नियम वेगळा, तोही त्यांनाच विचारा.

त्या दिवसापासून मागे मोजा. छापखान्याला तीन आठवडे, प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत) वाचायला तीन आठवडे, मांडणीला एक महिना. लिखाण वर्षश्राद्धाच्या अडीच महिने आधी संपलेलं हवं. गणपती-दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत छापखाने भरलेले असतात, तेव्हा आणखी दोन आठवडे धरा.

पहिल्या महिन्यात कशाला हात लावू नये

तेराव्यानंतर घर आवरायला घेतात आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. माळ्यावरचा स्क्रू-वॉशरचा डबा भंगारात जातो, डायरी रद्दीत जाते, मोबाइल नातवाला मिळतो आणि तो रीसेट होतो. तीन गोष्टी आधी वाचवा.

पहिली म्हणजे मोबाइल. सिमचा रिचार्ज चालू ठेवा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर काढून टाकलं जातं. त्याआधी महत्त्वाचे चॅट ‘एक्स्पोर्ट’ करा आणि व्हॉइस मेसेजच्या फाइली संगणकावर उतरवा. वीस सेकंदांच्या एखाद्या मेसेजमधला ‘रामकृष्ण हरी, पोचलास का रे?’ हा आवाज पुन्हा मिळणार नसतो.

दुसरी म्हणजे हत्यारांची पेटी. ती साफ करू नका, नीट लावूही नका. जशी आहे तशी उघडून वरून एक फोटो घ्या, मग प्रत्येक थराचा. कोणतं हत्यार हाताशी होतं आणि कोणतं तळाशी, यावरून कामाची सवय कळते.

तिसरी म्हणजे कागद: डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, दिंडीच्या पावत्या, लग्नपत्रिका, खिशातल्या चिठ्ठ्या. एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

आयुष्याचा सांगाडा

एका फुलस्केप कागदावर डावीकडे साल, मधे घटना, उजवीकडे पुरावा असे तीन रकाने पाडा. पहिलीच अडचण जन्मतारखेची. शाळेच्या दाखल्यावर १ जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी नाव घालताना लिहिलेली तारीख. जन्मपत्रिका सापडली तर उत्तम. नाहीतर पाठच्या भावंडांची वयं आणि मोठ्या घटना यांच्या आधाराने साल काढा. ‘साल कोणतं?’ असं विचारल्यावर ऐंशी वर्षांच्या आत्याला सांगता येणार नाही, पण ‘पानशेत फुटलं तेव्हा दादा शाळेत होता का?’ याचं उत्तर ती पटकन देईल. पानशेत १२ जुलै १९६१ चं, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. या चार खुंट्यांना बहुतेक आठवणी अडकवता येतात. साल पक्कं नसेल तर ‘१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास’ असंच छापा.

कागदांत सर्वात उपयोगी म्हणजे फेरफार आणि सेवापुस्तक, म्हणजे सरकारी नोकरीतल्या नोंदींचं पुस्तक. फेरफाराच्या नोंदीत जमीन कधी घेतली, वाटणी कधी झाली याच्या तारखा असतात. जुन्या नोंदी अनेक तालुक्यांच्या बाबतीत राज्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर मिळतात. गट नंबर, आधार, पॅन, बँकेचे कागद आणि सही यांतलं काहीही पुस्तिकेत छापू नका. सहीची प्रतिमा तर कधीच नाही. अक्षर दाखवायचं असेल तर डायरीतली एखादी साधी ओळ दाखवा.

वंशावळीत हमखास होणारी चूक म्हणजे मुलगे, सुना, नातू सविस्तर आणि लेकींचं एका ओळीत ‘दोन विवाहित कन्या’. लेकीचं माहेरचं-सासरचं नाव, जावई, त्यांची मुलं हे सगळं त्याच अक्षराच्या आकारात यायला हवं. प्रत्येकाकडून नाव त्याच्याच हाताने लिहून मागवा. ‘दीपाली’ की ‘दिपाली’ हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं.

नावाआधी काय लावायचं तेही आधीच ठरवा. वारकरी घरात ‘कै.’ऐवजी ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहितात. ‘ह.भ.प.’ लावायचं तर ते हयातीत लोक लावत होते का ते बघा. मागाहून चिकटवलेली पदवी गावात लगेच कळते.

आठवणी गोळा करताना

सर्वात वयस्कर माणसाकडे आधी जा. आई असेल तर तिच्यावर घाई करू नका. दीड-दोन महिने जाऊ द्या आणि एका बैठकीत पाऊण तासाच्या वर बसू नका.

फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, खिडकी रस्त्याकडे असेल तर ती लावा. फोन घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. थेट टेबलावर ठेवला तर कपबशीचा आवाजसुद्धा बोलण्यापेक्षा मोठा येतो. सुरुवातीला तारीख, गाव, नाव बोलून घ्या. परदेशातल्या भावंडांना व्हिडिओ कॉलवर घेण्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या फोनवर आवाज रेकॉर्ड करून फाइल पाठवलेली जास्त स्वच्छ येते.

‘नाना कसे होते?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याचं उत्तर ‘देवमाणूस होते’ असं येतं आणि पुढे काही निघत नाही. त्याऐवजी वस्तू पुढ्यात ठेवा. गंजका पाना हातात देऊन विचारा, ‘काकू, हा पाना कुठल्या पंपाचा?’ किंवा ‘तुमच्याकडे दुरुस्तीला आले की आधी काय मागायचे, चहा की बॅटरी?’ वस्तूने आठवण बाहेर येते. समोरचं माणूस गप्प झालं तर तुम्हीही गप्प बसा. पुढचा प्रश्न लगेच टाकू नका; पाच-दहा सेकंदांनी जे येतं तेच बहुधा पुस्तिकेत जातं.

घराबाहेरची चार माणसं यादीत हवीतच: दिंडीतला जोडीदार, हार्डवेअरचा दुकानदार, कामात हाताखाली शिकलेला एखादा पोरगा आणि शेजारीण. दुकानदाराला माणूस उधारी कशी फेडायचा ते माहीत असतं.

हातांचं काम नोंदवणं

हे प्रकरण बहुतेक पुस्तिकांत नसतंच, आणि खरं तर पुस्तिका यासाठी करावी. घरात, मळ्यात, देवळात, लेकीच्या सासरी वडिलांच्या हातची कोणती वस्तू आहे याची यादी करा: देव्हारा, पाळणा, पाट, चौरंग, झोपाळ्याच्या कड्या, गोठ्याचं फाटक, सायकलच्या चेनव्हीलपासून केलेला रहाट. प्रत्येकाची नोंद अशी घ्या: लांबी-रुंदी-उंची, लाकूड किंवा लोखंड कोणतं, जोड कसा दिला, कधी केली, कुणासाठी, आणि नंतर कुठे दुरुस्त केली.

देव्हाऱ्याचंच घ्या. मोजपट्टीने माप घेतल्यावर तो उलटा करून खालून बघा. खिळे आहेत का? नसतील आणि फळ्या खाचा पाडून एकमेकींत बसवल्या असतील, तर पटाशीचे घाव आतल्या बाजूला दिसतील. फळीवर पेन्सिलीचं माप किंवा आकडा राहिलेला असतो. कळसाचा भाग वेगळ्या रंगाच्या लाकडाचा असेल तर तो कशाचा होता ते विचारा. मोडलेल्या खाटेचा पाया, जुन्या दाराची फळी असं काही निघेल. ही एवढी माहिती आणि पटाशीच्या घावांचा एक जवळून घेतलेला फोटो, यात ‘हरहुन्नरी’ या शब्दापेक्षा जास्त सांगून होतं.

हत्यारांचे फोटो घेताना पांढऱ्या चादरीवर ठेवा, बाजूला सहा इंची पट्टी, उजेड एका बाजूच्या खिडकीतून, फ्लॅश बंद. रंधा, पटाशी, कानस, गिरमिट, गुण्या, ओळंबा, पक्कड: नावं तुमच्या घरात जी म्हणत तीच लिहा. कंपनीचं इंग्रजी नाव कळलं नाही तरी चालेल. लाकडी मुठीला पॉलिश पेपर लावू नका. वर्षानुवर्षांच्या घामाने मूठ जिथे काळपट आणि गुळगुळीत झाली आहे, तिथेच अंगठा असायचा. लोखंडाला कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनच्या तेलाचं एक बोट पुरे. पाण्याने धुतलेली कानस आठवड्यात गंजते.

काही कामं वस्तू म्हणून उरत नाहीत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायची ती किती सैल भिजवायची, पंपाचा फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची झडप) गाळाने अडकला की विहिरीत न उतरता तो कसा मोकळा करायचा, गळक्या कौलाखाली पत्र्याची पट्टी कशी सरकवायची. शिकलेला माणूस शोधून त्याच्याकडून ते काम करून घ्या आणि व्हिडिओ काढा, चेहऱ्याचा नाही, हातांचा. मग पुस्तिकेत त्याच्या पाच-सहा पायऱ्या लिहा. नातवाला पुढे कधीतरी पंप उघडायचा असेल तर त्याला हेच पान लागेल.

भक्ती लिहायची ती दिनक्रमाने

‘निस्सीम विठ्ठलभक्त’ लिहिण्याआधी घड्याळ लावून एक दिवस लिहा. किती वाजता उठत, गोपीचंदन कुठल्या सहाणेवर उगाळत, हरिपाठ आंघोळीनंतर की संध्याकाळी, तोंडपाठ की पुस्तकातून. माळ कोणाकडून आणि कोणत्या वर्षी घेतली. एकादशीला काय खात आणि काय नाही. साबुदाणा चालायचा की नुसतं फळ आणि पाणी. वारीला पहिल्यांदा केव्हा गेले, दिंडी रथापुढची की रथामागची, तिचा क्रमांक काय, टाळ की वीणा की पखवाज. गुडघे गेल्यावर काय केलं? दिवे घाट सोडून सासवडपासून चालले, की वाखरीपासूनची शेवटची वाटचालच केली? इथेच माणूस दिसतो. खांद्यावरच्या पिशवीत काय असायचं तेही विचारा. हातात कसब असलेला वारकरी बहुधा दाभण, दोरा आणि पक्कड घेऊन चालतो आणि मुक्कामाच्या ठिकाणी लोकांच्या चपला शिवून देतो.

अभंग छापायचा असेल तर पाठ आहे म्हणून आठवणीने लिहू नका. घरात जी गाथा वाचली जात होती तिच्यातूनच उतरवा आणि तिची आवृत्ती नोंदवा. आवृत्तीप्रमाणे अभंगांचे क्रमांक आणि काही ठिकाणी शब्दही बदलतात. वाचणारे वारकरी ती चूक पहिल्या नजरेत धरतात. एकच अभंग घ्या, त्यांच्या नेहमीच्या तोंडातला.

दिलेलं कसं लिहायचं

इथे सर्वात जपून चाला. त्यांनी ज्यांना दिलं ते लोक गावातच आहेत, त्यांची मुलं शाळेत आहेत. ‘अमक्याच्या मुलीचं लग्न नानांनी लावून दिलं’ असं छापलं की देणाऱ्याचं कौतुक होतं आणि घेणाऱ्याच्या घरावर कायमची खूण बसते. नानांनी ते आयुष्यभर झाकून ठेवलं, तर आपणही झाकायचं. नियम असा: कृती लिहा, घेणाऱ्याचं नाव-गाव-नातं-साल लिहू नका. कुणी स्वतःहून नावासकट सांगायला तयार असेल तरच नाव घाला, आणि तो परिच्छेद छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

रकमाही टाळा. १९८० च्या पाचशे रुपयांची किंमत आजच्या वाचकाला कळत नाही. त्यापेक्षा ‘पेरणीच्या तोंडावर स्वतःच्या बियाण्यातलं एक पोतं’, ‘दर गुरुवारी शाळेच्या नळाची दुरुस्ती, मजुरी न घेता’ हे कळतं. देवळाला दिलेल्या देणगीची पावती छापायला हरकत नाही, पण पानभर पावत्या लावू नका.

उधार-उसनवारीची वही सापडते, आणि त्यात येणं बाकी असलेली नावं असतात. ती वही पुस्तिकेच्या कामातून बाजूला काढा. तिचं काय करायचं तो निर्णय आईचा आणि सगळ्या भावंडांचा एकत्र, आणि एकही नाव किंवा फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये.

फोटो

जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो निघत नसेल तर पूर्ण पानाचा फोटो घ्या. अगदीच काढायचा तर दात साफ करायचा मेणाचा दोरा खालून हळूहळू सरकवा.

स्कॅन करताना डीपीआय (एका इंचातले ठिपके) असे ठेवा: आहे त्याच आकारात छापायचा तर ३००, दुप्पट करायचा तर ६००, पासपोर्ट फोटो पानभर करायचा तर १२००. फोटो व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून पाठवला की तो लहान होतो, बऱ्याचदा लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. छपाईत तेवढ्यात जेमतेम पाच इंच भरतात. म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने क्रमांक लिहा, बॉलपेनने नाही; त्याचा वळ पुढे उमटतो. फोटोत कोण आहे ते डावीकडून उजवीकडे लगेच लिहून घ्या. ते सांगू शकणारी माणसं कमी होत जातात.

मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो नको. कामात गुंतलेला, खाली बघणारा, थोडा हललेला असला तरी तो घ्या.

लिहिणं आणि प्रूफ

कच्चा मजकूर झाला की लाल पेनाने सगळी विशेषणं अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर विचारा: हे कुठल्या कृतीवरून? उत्तर मिळालं तर विशेषण खोडून ती कृती लिहा, नाही मिळालं तर ओळच काढा. नमुना म्हणून, ‘नाना अत्यंत दयाळू होते’ याच्या जागी ‘एसटी चुकलेल्या माणसाला नाना सायकलवर डबलसीट फाट्यापर्यंत सोडत आणि येताना चालत चढ चढत’. राग, अबोला, भावकीतला वाद हे सगळं वगळू नका, पण एका-दोन वाक्यांत, दुसऱ्या बाजूचं नाव न घेता. त्यांचा ताठरपणा वगळला की उरलेल्या चांगल्या गोष्टींवरही वाचकाचा विश्वास बसत नाही.

टायपिंग युनिकोडमध्ये करा. छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत बदलून घेतात तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘श्री’, ‘ॲ’, अवतरणचिन्हं आणि आकडे मोडतात. म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ कागदावर काढून एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ मजकुरावर बोट ठेवायचं. नावं आणि तारखा वेगळ्या फेरीत तपासा.

छपाई

आकार डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. अक्षर १४ पॉइंट. वाचणारे साठीपुढचे आहेत. पानभर फोटोला १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात. आतला कागद ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा पांढरा कागद. ७० च्या कागदातून मागचा फोटो पुढे दिसतो. फोटोंचं सोळा पानी फॉर्म वेगळं काढून १३० जीएसएम आर्ट पेपरवर घेतलं तर खर्च आवाक्यात राहतो. मुखपृष्ठ ३०० जीएसएमचं, मॅट लॅमिनेशन. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत आणि ६४ पर्यंतच; त्यापुढे पाठ चिकटवून बांधणी. दोनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल, जास्त असतील तर ऑफसेटचे दर विचारा. काळसर जुने फोटो छपाईत आणखी काळे होतात, म्हणून आधी सावल्या थोड्या उजळा आणि एक पान छापून बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

आवाजासाठी क्यूआर कोड घालायचा तर किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्या जागेवर. फुकट मिळणारे काही ‘डायनॅमिक’ कोड (जे दुसऱ्या कंपनीच्या दुव्यातून फाइलकडे नेतात) मुदत संपली की बंद पडतात. थेट तुमच्या स्वतःच्या फाइलच्या दुव्याचा साधा कोड बनवा आणि दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा.

प्रती घरांच्या हिशेबाने मोजा, माणसांच्या नाही, आणि वीस जास्त घ्या. गावच्या वाचनालयाला आणि भजनी मंडळाला एकेक द्या. शेवटी रेघा आखलेली चार कोरी पानं ठेवा. सहा महिन्यांनी नातेवाइकांकडून त्या पानांचे फोटो मागवा. छापल्यानंतरच आठवलेल्या गोष्टी तिथे लिहिलेल्या असतात. मूळ कागद, फोटो आणि रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या गावातल्या लेकीकडे ठेवा. कोकणात किंवा गोव्यात ट्रंक जमिनीवर ठेवू नका. फळीवर ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळा संपला की उघडून एक दिवस सावलीत वारा द्या. हत्यारांची पेटी मात्र ट्रंकेत बंद करू नका. ज्याला ती हत्यारं वापरता येतात त्याच्याकडे द्या.